सातही अर्जांवर एकच सही

सामना चालू असताना आबिती काइसीला बसलेली मी कधी पाहिली नाही. नेटबॉलच्या मैदानाच्या कडेनं ती हातात बोरूची काडी घेऊन येरझाऱ्या घालायची. चेंडू हातात असताना एखाद्या पोरीनं नियम मोडून पाय उचलला की ती काडी सपकन स्वतःच्याच पोटरीवर मारून घ्यायची. पोरींना तिनं कधी मारलं नाही. "मी शिकवलेला पाय चुकला, म्हणजे माझाच चुकला," म्हणायची.

आबिती म्हणजे लेक. काइसीची लेक. तिचं स्वतःचं नाव गावात दोघा-तिघांनाच ठाऊक असेल. मलावी सरोवराच्या काठी, नासेंगात, ती उसिपा वाळवून विकते. उसिपा म्हणजे बोटाएवढी मासळी. शिक्षण चौथीपर्यंत. पंधराव्या वर्षी लग्न झालं, सतराव्या वर्षी नवरा जोहान्सबर्गला कामाला गेला. तिथून दोन पत्रं आणि एक घोंगडी आली, मग काहीच आलं नाही. मैदान तिनंच केलेलं. दरवर्षी पाऊस सरला की एक वारूळ फोडायचं, माती भिजवायची, पोरींकडून तुडवून घ्यायची आणि शेणानं अंगण सारवावं तसं अख्खं मैदान हातानं सारवायचं. एकोणीस वर्षं. पगार नाही, मानधन नाही.

मी त्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. सरकारनं फी माफ केली त्या साली माझ्या पहिलीच्या वर्गात एकशे साठ मुलं आली होती. त्यातल्या मुली सहावीपर्यंत विरघळून जायच्या. कुणाचं लग्न, कुणाच्या पाठचं भावंड, कुणाचं नुसतंच "आता मोठी झाली". सरकार नवी पुस्तकं पाठवायचं, नवे तक्ते पाठवायचं, अधिकारी भाषणं करून जायचे. मुली गळायच्या त्या गळायच्याच. मग शाळाशाळांतून मातागट निघाले, गळालेल्या मुलींना परत आणण्यासाठी. आमच्या गटाची प्रमुख झाली आबिती काइसी. ती कुणाच्या दारात शिक्षणाबद्दल एक शब्द बोलायची नाही. "तुमची पोर माझी सेंटर आहे, मधोमध खेळणारी. शुक्रवारी समोर सातजणी उभ्या राहणार आणि आपल्या सहा. लोक विचारतील, सातवी कुणाची? मी काय सांगू?" एवढंच म्हणायची. राखीव खेळाडू ती मुद्दाम ठेवत नसे. पुष्कळ मुली त्यामुळं परत आल्या. सगळ्या नाही.

त्या वर्षी मंत्रालयाची एक नवी योजना आली. सरकारी शाळांच्या पंधरा वर्षांखालच्या मुलींचे सामने होणार. जिल्ह्यात जो संघ जिंकेल, त्यातल्या सातही मुलींना निवासी माध्यमिक शाळेत जागा. फी नाही, जेवण सरकारचं, खेळ शिकवायला वेगळ्या बाई. आमच्या पोरींनी तीन शाळा हरवल्या आणि अंतिम सामना शनिवारी बोमाला, म्हणजे जिल्ह्याच्या गावी, ठरला. सोमवारी मुख्याध्यापक कामवेंडो सरांच्या हाती पत्र पडलं. प्रत्येक मुलीच्या वयाचा अर्ज भरा, त्यावर मातागटाच्या प्रमुखाची साक्ष घ्या, आणि ज्यांच्याकडे राष्ट्रीय ओळखकार्ड असेल त्याची प्रत जोडा.

सहा मुलींकडे कार्ड नव्हतं. असणार कसं? कार्ड सोळाच्या पुढं मिळतं. सातवी शमिमू, आमची गोल टाकणारी, सगळ्यांत उंच. तिच्याकडे कार्ड होतं.

ते कसं आलं, ते मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी नोंदणीवाले यंत्रं घेऊन शाळेत आले. खताची सवलतीची कुपनं इथून पुढं कार्डावरच मिळणार होती. शमिमूच्या घरात ती आणि तिची आजी, दोघीच. आजीनं बोट टेकवलं, यंत्रावर लाल दिवा. पुसून टेकवलं, लाल. तेल लावून, राख लावून, तरी लालच. साठ वर्षं मुसळ धरून आणि मासळी धुरावून म्हातारीच्या बोटांवरच्या रेघाच गेल्या होत्या. मागं दोनशे माणसांची रांग. कारकून वैतागला. "घरात सोळा पूर्ण झालेलं दुसरं कोणी आहे का?" आजी रडायच्या बेतात. शमिमू तेव्हा बारा वर्षांची, पण आजीपेक्षा हातभर उंच. आबिती काइसी म्हणाली, "आहे की. ही." आणि साक्षीदार म्हणून सही केली. रांगेत मी तिच्यामागं तिसरी होते. मी ऐकलं आणि गप्प बसले. खताशिवाय त्या घरी मका किती पिकतो, ते आम्हां दोघींना माहीत होतं.

आता कार्डाच्या हिशेबानं शमिमूला अठरा पूर्ण होऊन महिना झाला होता.

मंगळवारी कामवेंडो सरांनी आबितीला आणि मला आत बोलावून दार लावून घेतलं. "आबिती, हे काय आहे?"

तिनं खरं ते सांगितलं. सरांनी कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं.

"हिला वगळू," ते म्हणाले. "सहावीतली एखादी घ्या. कार्ड जिल्ह्याला जाणारच नाही. कुणाला काही कळायचं कारण नाही."

आबितीनं मान डोलावली. शमिमूनं शनिवारी खेळायचं नाही, एवढ्यावर भागेल असं त्या दिवशी आम्हां तिघांनाही वाटलं. मग आबितीनं साती अर्जांवर साक्षीच्या सह्या केल्या. सातवा अर्ज नव्या मुलीचा. सही करायला तिला वेळ लागतो, एकेक अक्षर कोरल्यासारखं काढते. आणि सरांनी कार्ड परत द्यायला शमिमूच्या मामाला शाळेत बोलावलं. तीच चूक झाली. देता देता ते म्हणाले, "ह्यात अठरा लिहिलंय. ती खेळू शकत नाही."

मामाला वाचता येत नव्हतं. दोन वर्षं तो कार्ड घेऊन खताच्या रांगेत उभा राहिला होता, पण त्यावर काय लिहिलंय ते त्यानं कधी विचारलं नव्हतं.

आमच्या याओ लोकांत पोरीच्या लग्नात शब्द चालतो तो मामाचा. शमिमूचा मामा ब्वानाली काही दुष्ट माणूस नाही. बहीण गेल्यापासून आपली आई आणि बहिणीची पोर, दोघींचं धान्य तोच पुरवतो. स्वतःची पाच आहेतच. सादिकी नावाचा एकजण जोहान्सबर्गहून बरंच कमावून आला होता, वय तिशीच्या पुढं. त्याच्या घरच्यांनी ईदपासून शमिमूसाठी विचारणा लावली होती. अडलं होतं ते गावच्या नियमावर. आमच्या गावच्या प्रमुखबाईंनी चार वर्षांपूर्वी नियम केला होता. अठराच्या आतल्या पोरीचं लग्न लावेल त्यानं बकरा द्यायचा, आणि लग्नही मोडायचं.

बुधवारी दुपारी उतरत्या उन्हात पोरींचा सराव चालला होता. ब्वानाली सायकल हातात धरून मैदानाशी आला.

"आबिती, पोरींना सांगा, शुक्रवारी पोट रिकामं ठेवा. पिलाव आहे."

"कसला?"

"शमिमूचा निकाह. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर."

काडी आबितीच्या हातात तशीच राहिली. "ती चौदाची आहे, ब्वानाली."

"कोण म्हणतं? सरकार तर अठरा म्हणतं." त्यानं खिशातून कार्ड काढलं. "आणि सरकारला कुणी सांगितलं? आईकडून कळलं मला. साक्षीदार, आबिती काइसी. माझा बकरा वाचवलात. उपकार झाले."

"ते खतासाठी होतं. तुलाही माहीत आहे."

"मला एवढंच माहीत आहे की दोन घरांची तोंडं मी एकटा भरतो." तो आता हसत नव्हता. "सादिकीचं पत्र्याचं घर आहे. गादी आहे. फ्रीज आहे."

"फ्रीजला वीज आहे का?"

"येईल वीज."

"मग पोरही तेव्हाच ने म्हणावं."

बाकीच्या पोरी खुसखुसल्या. ब्वानालीनं कार्ड खिशात कोंबलं. "हसा. शुक्रवारी बघू कोण हसतं." सायकलवर टांग टाकून तो गेला.

शमिमू खांबाखाली उभी होती. चेंडू छातीशी धरलेला. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आबिती, मी खरी किती वर्षांची?"

"चौदा."

"नक्की?"

"तू झालीस तेव्हा मी तुझ्या आईचा हात धरून बसले होते."

"मग तसं सांगा ना त्यांना," शमिमू म्हणाली. जणू पाण्याची घागर उचलून द्या म्हणावं, इतक्या साधेपणानं.

दिवेलागणीला आबिती माझ्या ओट्यावर येऊन बसली. थोड्या वेळानं कामवेंडो सरच आले. गावात बातमी पोचली होती, आणि ही बाई उद्या काय करणार याचा त्यांना अंदाज होता.

"तुम्ही बोमाला जाऊन खोटी साक्ष दिली असं कबूल करणार," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "बरं. मग ह्या साती अर्जांवर सही कुणाची आहे? तुमचीच. खोट्या साक्षीदाराची साक्ष कोण मानेल? एकही अर्ज उभा राहणार नाही. संघ बाद."

"दुसऱ्या कुणाची सही घ्या, सर," मी म्हणाले. "माझी घ्या."

"मॅडम, तुम्ही निवृत्त. मातागटाचा प्रमुखच लागतो. नवा प्रमुख निवडायला सभा, सभेला सात दिवसांची नोटीस." ते आबितीकडे वळले. "सहा पोरी आहेत, आबिती. निवासी शाळा. तुमच्या ह्या मैदानावरून एकोणीस वर्षांत एक तरी पोर तिथं पोचली का?"

"नाही."

"मग एकीसाठी सहाजणींवर पाणी सोडणार?"

आबिती ओट्यावरून उठली. मग म्हणाली, "त्या सहाजणींचं शुक्रवारी लग्न नाहीये, सर."

सर निघून गेले.

गुरुवारी सकाळी सहाला मी त्यांच्या घरी पहिलीच्या प्रवेशाचं जुनं रजिस्टर मागायला गेले. त्यांनी किल्ली आणली, कपाट उघडलं, रजिस्टर माझ्या हातात ठेवलं. "मी दिलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही नेलंत."

मालाच्या पिकअपमध्ये मक्याच्या पोत्यांवर बसून आम्ही दोघी निघालो. वाटेत चाक पंक्चर झालं. नोंदणी कार्यालयात पोचायला साडेअकरा वाजले, आणि आमचा नंबर यायला दोन. गोंड्वे नावाचा उत्तरेकडचा तरुण अधिकारी होता. गळ्यात टाय, कपाळावर घाम. शुक्रवारी कार्यालय दुपारपर्यंतच, म्हणजे जे व्हायचं ते आजच व्हायला हवं होतं.

त्यानं रजिस्टर उघडलं. "शमिमू. वय सहा. हात कानाला पोचला." वर बघितलं. "हा पुरावा?"

"तेव्हा जन्मदाखला कुणाकडे होता?" मी म्हणाले. "डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर सहाची. तुम्हाला नव्हता धरायला लावला?"

त्याला हसू आलं. "लावला होता. माझा पोचला नाही. वर्षभर घरी बसलो." मग हसू आवरून म्हणाला, "रजिस्टर म्हणतं चौदा, कार्ड म्हणतं अठरा. खरं काय?"

"रजिस्टर," आबिती म्हणाली.

"मग दोन वाटा आहेत. नोंद करताना कारकुनाची चूक झाली, असा अर्ज द्या. सहा महिने लागतात, कुणावर काही येत नाही. किंवा..." त्यानं कार्डाची नोंद यंत्रावर काढली आणि नाव वाचलं. "किंवा साक्षीदारानं कबूल करायचं की वय खोटं सांगितलं. मग मी कार्ड आत्ता रोखू शकतो. पण त्या बाईवर प्रकरण होतं. पोलिसांत जातं ते. खोट्या साक्षीला दंड आहे, कैदही आहे. तुम्ही त्या बाईंच्या कोण?"

"मीच ती."

गोंड्वेनं पेन खाली ठेवलं. "आई, कारकुनाची चूक होऊ शकते हो. दिवसाला तीनशे नोंदी करायचे ते."

मी आबितीच्या दंडाला हात लावला. खरं सांगते, तिनं पहिली वाट धरावी असं त्या क्षणी मला वाटलं.

"सहा महिन्यांत पोर पोटुशी राहील," आबिती म्हणाली. "कारकुनानं विचारलं, सोळाचं कोणी आहे का. मी म्हणाले, आहे. लिहा."

त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं. तिनं एकेक अक्षर कोरत सही केली. मागच्या रांगेतली माणसं माना उंचावून बघत होती.

सही झाल्यावर तिनं विचारलं, "पण साहेब, आजीच्या बोटांचं काय करायला हवं होतं? यंत्र घेतच नव्हतं."

"बोटं उमटत नसतील तर गावप्रमुखाचं पत्र आणि फोटो. पहिल्या दिवसापासून सोय आहे."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो. कुणी विचारलं नाही का?"

शिक्का मारलेला कागद आबितीनं चारदा घडी घालून पोलक्यात ठेवला, आणि आम्ही परतीच्या वाटेला लागलो.

शुक्रवारी सकाळी प्रमुखबाईंच्या दारातल्या गोरखचिंचेखाली गाव जमलं. सादिकीकडचे दोन ट्रंका आणि साखरेचं पोतं घेऊन आधीच आले होते. पलीकडे चुलाण पेटलं होतं, तांदूळ निवडणं चाललं होतं. आबिती मधोमध जाऊन उभी राहिली आणि कागद मला वाचायला दिला. मी वाचला. कार्ड रोखलेलं आहे, वयाची चौकशी चालू आहे, हे कार्ड कुठल्याही कामासाठी धरू नये.

ब्वानाली उसळून उठला. "दोन वर्षांपूर्वी हीच बाई सरकारी माणसापुढं म्हणाली सोळा. आज म्हणते चौदा. मी विचारतो, आबिती, खोटं कुठल्या दिवशी बोललात? तेव्हा की आज?"

"तेव्हा."

"का?"

"तुझ्या आईची बोटं उमटत नव्हती म्हणून. तिला खत मिळावं म्हणून. ते खत तू तुझ्या शेतातही टाकलंस."

कुणीतरी हसलं. प्रमुखबाईंनी नुसतं बघितलं, हसू थांबलं. त्या सत्तरीच्या आहेत, डोळ्यांनी अधू, पण आवाजाला धार. त्यांनी विचारलं, "कार्डाची नोंदणी झाली तेव्हा गावाच्या वतीनं कोण जामीन होतं?"

"तुम्हीच, प्रमुखबाई," आबिती म्हणाली.

"म्हणजे तू मला खोटं पाडलंस."

"हो."

चुलाणावरच्या पाण्याला उकळी आली होती. शमिमू आजीला टेकून बसली होती. आजीनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. नियम प्रमुखबाईंचा होता, पण कार्डही त्यांच्याच जामिनावर निघालेलं. कार्ड खोटं म्हटलं तर भर सभेत स्वतःची मान खाली. खरं म्हटलं तर दुपारी निकाह.

तेवढ्यात सादिकी उठला. आतापर्यंत त्याच्या वतीनं त्याचा काकाच बोलत होता. "मला कार्ड दाखवलं," तो म्हणाला. "मी पोरीला नीट पाहिलंही नाही. अठरा आहे म्हणाले, मी हो म्हटलं. माझी थोरली मुलगी तिकडं जोहान्सबर्गला आहे, ती तेराची." तो काकाकडे वळला. "ट्रंका उचला." काकानं हात धरला तो त्यानं सोडवून घेतला.

"ट्रंका राहू देत," प्रमुखबाई कडक आवाजात म्हणाल्या. "कुणी रागावून गेलं म्हणून लग्न मोडलं असं व्हायचं नाही माझ्या गावात. मी मोडते म्हणून मोडेल. पोर चौदाची. लग्न नाही. आता न्या ट्रंका." मग आबितीकडे तोंड केलं. "तू गावाच्या नावानं खोटं बोललीस. बकरा तुझ्याकडून. आणि आजपासून तू मातागटात नाहीस. शाळेच्या आवारात पाय ठेवायचा नाही, माझा हुकूम उठेपर्यंत."

आबितीनं मान लववली. बकरा तिच्याकडे नव्हताच. पुढं तीन महिन्यांच्या मासळीतून तिनं तो घेतला.

संध्याकाळी कामवेंडो सरांना जिल्ह्यातून फोन आला. नासेंगाचा संघ बाद.

शनिवारी पहाटे पिकअप ठरल्या वेळी शाळेच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला, कारण त्याला कळवायचं राहून गेलं होतं. अलिनाफे नावाची आमची सेंटर, तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. धुतलेले कपडे घालून, केस घट्ट विंचरून ती पिकअपमध्ये चढून बसली. तिला खाली उतरवायला तिची आई आली. पोरीला घरी धाडून ती तडक आबितीच्या वाळवणाशी गेली. मी तिथंच होते.

"तुमच्या एका शमिमूपायी माझी पोर गेली," ती म्हणाली.

"हो," आबिती म्हणाली.

"तुम्ही माझ्या दारात येऊन बसायचात. सेंटर, सेंटर करायचात. मी तिला शेतावरून सोडायची. कशासाठी? ह्यासाठी?"

"तुझं बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणू नका!" ती ओरडली. "भांडा माझ्याशी!"

आबिती भांडली नाही. ती बाई वाळवणाच्या एका मांडवाला लाथ मारून गेली. अर्धी मासळी वाळूत सांडली. आम्ही दोघींनी वेचली.

पोलिसांनी तिचा जबाब घेतला आहे. न्यायालयाची तारीख दोनदा पडली, दोनदा पुढं गेली. आजीचा फोटो आणि प्रमुखबाईंचं पत्र बोमाला गेलंय, कार्ड येईल तेव्हा येईल. अलिनाफेची आई अजून आबितीशी बोलत नाही. सराव आता सहावीच्या बाई घेतात. त्यांना तो खेळ फारसा येत नाही.

मे महिन्यात आठवीची परीक्षा झाली. केंद्र सात किलोमीटरवरच्या शाळेत होतं. आबितीला आमच्या शाळेत बंदी होती, तिथं नव्हती. पहिल्या पेपराला आम्ही दोघी पहाटे चालत निघालो आणि फाटकाबाहेर उभ्या राहिलो. एकेक करून मुली आल्या. अलिनाफे आली, आबितीकडे बघून न बघितल्यासारखं करून आत गेली. घंटेला दहा मिनिटं उरली तरी शमिमूचा पत्ता नव्हता. आबितीनं मला वेळ विचारली. मी सांगितली. मिनिटभरानं पुन्हा विचारली.

मग वळणावर ब्वानालीची सायकल दिसली. मागच्या कॅरिअरवर शमिमू, हातात पट्टी आणि पेन. सायकल फाटकाशी थांबली. शमिमू उतरली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि धावत आत गेली.

ब्वानाली घामाघूम झाला होता. शुक्रवारच्या त्या सभेनंतर तो आबितीशी एक शब्दही बोलला नव्हता. आता सायकलची घंटी उगाच वाजवत म्हणाला, "प्रमुखबाईंनी सांगितलं, सोडून ये. म्हणून आणली."

"बरं केलंस."

"परीक्षा झाली की पुढं काय? अजून चार वर्षं मीच पोसायची? आईचं कार्ड यायचंय. खत नाही. मका आला नाही तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

"म्हणून लगेच पुन्हा ट्रंका मोजायला बसू नकोस."

"मी खताचं विचारतोय."

"माझ्या वाळवणाखाली मासळीचा चुरा पडतो. पोतंभर तर सहज निघतो आठवड्याला. तो ने. शेतात टाक."

"वास मारतो तो."

"मक्याला नाक नसतं, ब्वानाली."

तो हसला नाही. आत घंटा झाली, फाटक बंद झालं. ब्वानालीनं सायकल वळवली, दोन पावलं गेला, आणि मान न वळवताच विचारलं, "पोतं माझं, की तुमचं?"

"तुझं घेऊन ये," आबिती म्हणाली.